गव्हाभर पुढं

सर्जेराव विचारतो, केवढं होतं रे तळं?
आम्ही संध्यामठासमोर कठड्यावर बसलोय,
पुड्यातले चुरमुरे मऊ पडलेत.
मी म्हणतो, आपला रंकाळा तासाभरात फिरून होतो.
त्याला फेरी घालायची तर मोटारीनं
अख्खा रविवार जातो, चहाला थांबत थांबत.
पलीकडचा काठ?
दिसतो कधी कधी. ढग उठला तर.
मग पलीकडच्याला हाक कशी मारायची?
असलं काहीतरी विचारतो
आणि भेळेतली कैरी वेचत बसतो.

आयर्लंडात तळ्याला लॉख म्हणतात.
ख घशाच्या तळातून काढायचा,
तंबाखू थुंकायच्या आधी काढतो तसा.
पद्मजानं तीनदा म्हणायला लावलं,
चौथ्यांदा तीच हसत सुटली.

जेट्टीवर दोर बांधायला लोखंडी खुंटा होता.
एकतीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
मोल्डिंग केलेला माणूस
पाणी नंतर बघतो.
काळा, गार, गुडघ्याएवढा,
बगलेत एक ब्लोहोल राहिलेला,
करंगळीचं टोक बसेल एवढा.
म्हटलं, हा माल आम्ही परत भट्टीत टाकला असता.
ती म्हणाली, बाबा, दीडशे वर्षं
बोटी धरून उभा आहे तो.
मी गप्प.
करंगळी मात्र थोडा वेळ तिथंच ठेवली.

बोट दोन तासांच्या भाड्यानं.
नारिंगी जॅकेटचे पट्टे तिनंच आवळले,
बसा म्हणाली, मी आहे.

सर्जेराव, तू तेव्हा इथं बोटींवर होतास.
पायडलपर्यंत तिचे पाय पोचायचे नाहीत,
मी एकटाच मारायचो, बोट गोल गोल,
आणि ही हुकूम सोडायची,
पॅलेसकडं! पॅलेसकडं!
केंदाळात जाऊन रुतायचो आम्ही,
मग तू दुसरी बोट घेऊन
माझा उद्धार करत ओढायला यायचास.

तिथं सुकाणू तिच्या हातात.
म्हाताऱ्या माणसांच्या शिरा शोधणारा हात,
घाई नाही, थरथर नाही.
मधोमध तिनं इंजिन बंद केलं.
भट्टी थंड असायची त्या दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा
एवढं शांत मी ऐकलं नव्हतं.
पाऊस आला, गेला, परत आला,
काठावर एक म्हातारा
आइस्क्रीम खातच राहिला.

तिनं डबा उघडला. थालीपीठ, एका बाजूनं करपलेलं,
चटणी मी इथून नेलेली.
तोंडात घास असतानाच म्हणाली,
इथं घर घेतेय. कर्ज मंजूर झालं.
दोन खोल्या, मागं सफरचंदाचं झाड.

मी पाण्यात बघत होतो.
म्हटलं, किती खोल गेलंय हे?
तिला वाटलं तळ्याचं विचारतोय.
म्हणाली, छत्तीस मीटर.

आपला नंदी रोज गव्हाभर पुढं सरकतो
आणि तांदळाभर मागं,
तळ्याला टेकला की जग बुडणार.
दुसरीत असताना पद्मी त्याच्या खुराजवळ
खडूनं रेघ मारून यायची,
दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसलेली असायची.
रडायची. म्हणायची, आता कसं कळणार, कुठवर आला?

आत्ताच फोटो आलाय,
त्या झाडाला फुलं आलीत.
मी लिहिलं, छान.
पुसलं.
लिहिलं, रंकाळ्यावर आहे, सर्जाकाका भेळ खातोय.

सर्जेराव पुडा चुरगाळून खिशात कोंबतो.
तिकडं केंदाळ असतं का रे?
नाही, म्हटलं. पाणी स्वच्छ. तळाचे धोंडे दिसतात काठाला.
तो बराच वेळ पॅलेसकडं बघतो.
मग अडकत्यात कशात लोकं?